भिंगाखालचे नाणे : शाळेतच उभारलेली एक निरीक्षण-मांडणी

आपल्या विहारातील दानपेटी दर पौर्णिमेला उघडली जाते आणि नाणी मोजण्याचे काम वसतिगृहातील मुलांकडे असते. काही वर्षांपूर्वी अशाच एका मोजणीच्या वेळी सातवीतील एका मुलीने आम्हांस प्रश्न विचारला, "सर, या रुपयावर वर्षाखाली चांदणी आहे, त्यावर नुसता ठिपका आहे आणि याच्यावर काहीच नाही. यातला खरा कोणता?" मुलांच्या या गटाला इतिहास आणि विज्ञान शिकविणारे आम्ही दोघे-तिघे तेथे होतो. उत्तर आम्हांस ठाऊक होते. परंतु नुसते सांगून मोकळे होणे आम्हांस योग्य वाटले नाही. ज्या धम्माच्या छायेत ही शाळा चालते, त्या धम्माचे एक लक्षण 'एहिपस्सिको' असे सांगितले जाते. 'ये आणि स्वतः पाहा' असा त्याचा भाव. तेव्हा पाहायचे कसे, येथून आमचा अभ्यास सुरू झाला. त्यातून जी मांडणी तयार झाली तिची कृती, तिच्या साहाय्याने काय पाहता येते आणि तिचा आम्हांस कोणत्या प्रसंगी उपयोग झाला, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी आणि पालकांपुढे ठेवीत आहोत.

अडचण कोठे होती?

प्रारंभी आमच्याजवळ घड्याळजीकडे असते तसे एक भिंग होते. एका वेळी एकच मूल पाहू शके. हात हलला की अक्षरे अस्पष्ट होत. एकाने पाहिलेले दुसऱ्यास दाखवावयाचे तर नाणे पुन्हा शोधावे लागे. शिवाय पोलादी नाण्यावर दिव्याचा प्रकाश पडला की नेमकी हवी ती खूणच चकाकीत हरवे. म्हणजे आम्हांस चार गोष्टी हव्या होत्या : भिंग स्थिर असावे, प्रकाश आपल्या ताब्यात असावा, नाणी एकामागून एक झटपट भिंगाखाली यावीत आणि पाहिलेले साऱ्या वर्गाला दिसावे. बाजारात यासाठी तयार सूक्ष्मदर्शक मिळतात. पण आम्हांस शाळेतील वस्तूंतूनच काम साधावयाचे होते.

भिंगाचे गणित

दहावीच्या पुस्तकातील एक साधे सूत्र येथे उपयोगी पडते. सुस्पष्ट दृष्टीचे लघुतम अंतर २५ सेंटिमीटर धरले, तर बहिर्गोल भिंगाचे आवर्धन म्हणजे २५ भागिले भिंगाचे सेंटिमीटरमधील नाभीय अंतर. यावरून पाचपट भिंगाचे नाभीय अंतर ५ सेंटिमीटर आणि दहापट भिंगाचे २.५ सेंटिमीटर येते. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे भिंग अगदी चिकटून बसविले आणि नाणे त्या भिंगापासून साधारण नाभीय अंतरावर ठेवले, की चित्र रेखीव येते.

मुलांचा हट्ट अर्थातच दहापट भिंगाचा होता. परंतु त्याखाली नाणे इतके जवळ येते की बाजूने प्रकाश सोडावयास जागाच उरत नाही आणि रुपयाचे नाणे जेमतेम दृष्टिक्षेत्रात मावते. पाचपट भिंगाखाली सुमारे सहा सेंटिमीटर रुंदीचे क्षेत्र दिसते; नाणे संपूर्ण दिसते आणि दिव्यालाही वाव मिळतो. म्हणून नेहमीच्या पाहणीसाठी पाचपट आणि संशयाच्या जागेसाठीच दहापट, हा नियम आम्ही ठरविला. चित्र वर्गातील प्रोजेक्टरने पडद्यावर टाकले आणि २५ मिलिमीटरचे नाणे तेथे अर्धा मीटर रुंद दिसले, तर ते वीसपट झाले. वर्गाला शिकविण्यास एवढे पुष्कळ होते.

मांडणीची कृती

बैठकीसाठी ४० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद अशी जाड प्लायवुडची फळी घेतली. प्रयोगशाळेत मोडीत निघालेला लोखंडी स्टँड तिच्यावर घट्ट बसविला. स्टँडच्या चिमट्यात पातळ प्लायचा एक तुकडा आडवा धरला, त्यास मोबाइलच्या कॅमेऱ्याएवढे छिद्र पाडले आणि छिद्राच्या खालच्या बाजूस भिंग चिकटविले. फोन या तुकड्यावर पालथा ठेवावयाचा. चिमटा वरखाली करून अंतर एकदा जुळविले की स्क्रू आवळून टाकावयाचा. पुन्हा त्याला हात लावावयाचा नाही. फोनच्या पडद्यावर बोट दाबून धरले असता बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही स्थिर राहतात. छायाचित्र घेताना फोनला स्पर्श झाला की चित्र हलते, म्हणून इअरफोनच्या तारेवरील आवाजाचे बटण आम्ही कळ म्हणून वापरतो.

या मांडणीचा प्राण मात्र भिंगात नसून सरकपट्टीत आहे. ४० सेंटिमीटर लांबीची जाड पुठ्ठ्याची पट्टी घेऊन तिच्यावर हस्तकलेसाठी मिळते तशी ३ मिलिमीटर जाडीची फोमची पट्टी चिकटविली. फोममध्ये २८ मिलिमीटर व्यासाची दहा गोल घरे कापली. दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे असते, ते त्यात सहज बसते. दोन घरांच्या मध्यबिंदूंत ३५ मिलिमीटर अंतर ठेवले. बैठकीवर दोन लाकडी पट्ट्या ठोकून त्यांच्यामध्ये ही पट्टी सरकेल असा गाळा केला. पट्टीच्या कडेला दर ३५ मिलिमीटरवर एक खाच पाडली आणि गाळ्याच्या बाजूस जुन्या टॉर्चमधील पत्र्याची स्प्रिंग बसविली. पट्टी ढकलली की 'टक्' असा आवाज होतो आणि पुढचे नाणे बरोबर भिंगाखाली येऊन थांबते. डोळ्यांनी जुळवाजुळव करावी लागत नाही. नाण्यांची जाडी जवळजवळ सारखी असल्यामुळे फोकसही बदलावा लागत नाही.

दुसरी बाजू पाहण्यासाठी प्रत्येक नाणे उचलून उलटावे लागले असते, तर सारा वेग वाया गेला असता. त्यावर नववीतील मुलांनीच तोड काढली. त्यांनी अगदी तशीच दुसरी पट्टी तयार केली. ती पहिलीवर पालथी ठेवावयाची, दोन्ही पट्ट्या हातांनी गच्च धरावयाच्या आणि लांबीच्या अक्षाभोवती एकदम उलटावयाच्या. दहाही नाणी एकाच वेळी दुसऱ्या पट्टीच्या घरांत जातात आणि त्यांची दुसरी बाजू वर येते.

यातून एक अनपेक्षित लाभ झाला. भारतीय प्रजासत्ताकाच्या नाण्यांवरील दोन्ही बाजूंची चित्रे एकाच दिशेने उभी असतात. नाणे डावीकडून उजवीकडे फिरविले तरी चित्र सरळच राहते. म्हणून दहाही नाण्यांचे माथे पट्टीच्या एकाच टोकाकडे करून ठेवले, तर उलटल्यावरही ते त्याच टोकाकडे असावयास हवेत. एखाद्या नाण्याचे चित्र तिरके दिसले, तर टांकसाळीत ते नाणे पाडताना एक ठसा फिरलेला होता असे समजते. एकेक नाणे हातात घेऊन पाहताना ही चूक सहज निसटते. दहांच्या रांगेत ती लगेच उठून दिसते.

प्रकाशाची दिशा

दिवा मोठा असून भागत नाही, तो योग्य जागी असावा लागतो. आम्ही दोन प्रकारचे प्रकाश वापरतो. नव्या, चकचकीत नाण्यांसाठी दह्याच्या पांढऱ्या डब्याचा तळ कापून तो नाण्याभोवती उभा करतो आणि बाहेरून दोन लहान एलईडी दिवे लावतो. डब्याच्या भिंतीतून गाळून आलेला प्रकाश सर्व बाजूंनी सारखा पडतो व चकाकी नाहीशी होते.

झिजलेल्या नाण्यांसाठी याच्या उलट करावे लागते. डबा काढून टाकावा आणि एकच दिवा अगदी खाली, जवळजवळ नाण्याच्या पातळीवर धरावा. माण-खटावच्या माळावर भर दुपारी जमीन सपाट भासते, पण सायंकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक बांध आणि ओघळ वेगळा दिसू लागतो. हे तसेच आहे. तिरप्या प्रकाशात केसाएवढा उंचवटाही सावली टाकतो आणि पुसलेली अक्षरे पुन्हा वर येतात. दिवा शक्यतो वरच्या डाव्या बाजूस असावा. तो खालून लावला, तर डोळा फसतो. उठावदार अक्षर खोलगट वाटू लागते. दिवा सावकाश नाण्याभोवती फिरवून चार दिशांनी चार छायाचित्रे घेतली असता एका चित्रात न दिसलेली मात्रा दुसऱ्यात दिसते.

काय पाहावे?

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. वर्षाखालील खूण टांकसाळीची असते. मुंबईची खूण हिऱ्याच्या आकाराची, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. म्हणजे चारही नाणी खरीच. केवळ जन्मगावे निराळी.

खुणेसोबत वजन, व्यास आणि चुंबक यांची साक्ष घ्यावी. १९९२ मध्ये सुरू झालेले पोलादी रुपयाचे नाणे २५ मिलिमीटर व्यासाचे आणि ४.८५ ग्रॅम वजनाचे आहे व ते चुंबकाला चिकटते. त्याच काळातील पाच रुपयांचे जाड नाणे तांबे-निकेलचे, २३ मिलिमीटर व ९ ग्रॅमचे. त्यास चुंबक ओढीत नाही. दोन धातूंचे दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटर व ७.७१ ग्रॅमचे. या दहाच्या नाण्याविषयी आपल्या बाजारांत अनेक वर्षे विनाकारण संशय होता. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले की तोवर निघालेली या नाण्याची चौदाही रूपे चलनात वैध आहेत. मुलांनी दहा घरांत दहा नाणी मांडून रूपांतील फरक पडद्यावर पाहिला, तेव्हा 'दहा रेघांचे खरे आणि पंधरा रेघांचे खोटे' ही ऐकीव समजूत एका तासिकेत गळून पडली.

सातारा ही छत्रपतींची राजधानी. त्यामुळे आपल्या दोन्ही जिल्ह्यांत जुन्या घरांतून तांब्याची शिवराई अद्याप आढळते. एका बाजूस तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' असा मजकूर असतो. ही नाणी हाताने ठोकून पाडलेली. तांब्याची चकती ठशापेक्षा लहान असल्यामुळे एकाच नाण्यावर संपूर्ण मजकूर क्वचितच उमटतो. एकीवर 'श्री'चा वेलांटीकडचा भाग, दुसरीवर नुसते 'राजा'. येथे सरकपट्टीचे मोल कळते. अनेक नाण्यांची छायाचित्रे एकाच मापाने घेतली की ती शेजारी ठेवून ठशाचे मूळ रूप जुळविता येते. हाच मजकूर शिवछत्रपतींनंतरही दीर्घकाळ शिवरायांवर चालू राहिला. म्हणून नाव वाचले एवढ्यावरून 'हे महाराजांच्या हयातीतले नाणे' असे म्हणू नये. अक्षरांचे वळण, वजन, बिंदूंची किनार, दुदांडी शिवराईवरील दोन रेघा, अशा सर्व बाबी पाहून मगच मत द्यावे.

भिंग कोठवर नेऊ शकते याचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभीचे आहे. तेथे १९०६ मध्ये तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप राजा नहपानाची. परंतु त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. वर सातवाहनांचा तीन कमानींचा पर्वत, ज्यास चैत्यचिन्हही म्हणतात. आणि त्याच्या खालून डोकावणारा नहपानाचा चेहरा. एक राज्य जाऊन दुसरे आले, याची साक्ष त्या इवल्याशा चांदीवर आहे.

याच नहपानाचा जावई उषवदात. नाशिकच्या दहाव्या लेण्यातील त्याचा लेख आम्ही गणिताच्या तासाला शिकवितो. त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांतील २,००० वर दरमहा शेकडा एक व्याज. वर्षाचे किती? २४०. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावेत, असे लेख सांगतो. वीस गुणिले बारा, २४०. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा हिशेब आमच्या मुलांच्या वहीत शेवटच्या कार्षापणापर्यंत जुळतो. आपल्या कऱ्हाडचे जुने नाव करहाकट. तेथील व्यापारी निगमाने दान दिल्याची नोंद दूरच्या भारहूतच्या स्तूपावर आहे. दान, नाणे आणि संघ यांचे नाते आपल्या मातीत इतके जुने आहे. दानपेटी मोजणारी मुले त्याच परंपरेतील आहेत, हे त्यांना सांगताना आम्हांस वेगळे समाधान वाटते.

एक प्रसंग

या मांडणीची खरी कसोटी मात्र वर्गात लागली नाही. जत तालुक्यातील एक पालक एके दिवशी मुलीला भेटावयास आले. ते ऊसतोडीला जाणारे. खिशातून त्यांनी कापडात गुंडाळलेले एक नाणे काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९९० मध्ये निघालेला तो एक रुपया होता. त्यांच्या आईने तो आयुष्यभर जपला होता. त्यांना फोनवरून कोणी सांगितले होते की या नाण्यावर एक दुर्मीळ खूण आहे आणि त्याचे काही लाख रुपये येतील. आधी नोंदणीचे पैसे भरा, मग कराचे भरा. मुकादमाकडून मिळालेल्या उचलीतून त्यांनी दोनदा पैसे पाठविले. तिसऱ्यांदा मागणी आली तेव्हा मुलीने त्यांना शाळेत बोलावून घेतले होते.

नाणे पट्टीच्या पहिल्या घरात ठेवले. पुढच्या घरांत नेहमीचे रुपये. त्यांची मुलगीच पट्टी सरकवीत होती. पडद्यावर बाबासाहेबांचा चेहरा मोठा होत गेला. टांकसाळीची खूण पाहिली, उलटून दुसरी बाजू पाहिली, माथा सरळ होता. चुंबक लावला, तांबे-निकेलचे नाणे, त्याने ओढले नाही. सारे जसे असावे तसेच. दुर्मीळ खूण कोठेही नव्हती. अशी नाणी मोठ्या संख्येने निघाली होती आणि संग्राहकांकडे ती थोड्या पैशांत मिळतात, हे आम्हांस सांगावे लागले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये या प्रकारच्या फसवणुकीविरुद्ध दिलेला इशाराही दाखविला : बँक असल्या व्यवहारांत पडत नाही आणि त्यासाठी कोणतेही शुल्क मागत नाही.

ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आईनं जपलं ते रुपयाचंच?"

आम्हांस चटकन उत्तर सुचले नाही. मुलगी म्हणाली, "दादा, आजीनं रुपया जपलाच नव्हता."

गेलेले पैसे परत आले नाहीत. तक्रार नोंदविण्यास आम्ही त्यांच्यासोबत गेलो, एवढेच. परंतु तिसरा हप्ता वाचला आणि त्यांच्या वस्तीवर त्याच फोनच्या नादी लागलेली आणखी दोन घरे थांबली. त्या दिवसापासून ही मांडणी आम्ही पालकभेटीच्या रविवारी खुली ठेवतो.

काही पथ्ये

नाणे नेहमी कडेने धरावे. जुने नाणे चिंच, लिंबू, राख अथवा पितांबरीने कधीही घासू नये. घासल्याने मळाबरोबर त्यावरील पुरावाही जातो. मऊ ब्रशने धूळ झटकावी, तेवढे पुरे. शेतात अथवा पाया खणताना नाण्यांचा साठा सापडला, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या कायद्यान्वये पुरावस्तू ठरतात. ती परदेशी पाठविता येत नाहीत. आणि नाण्याची किंमत सांगणाऱ्याने आधी पैसे मागितले, तर फोन ठेवून द्यावा.

खानापूर, आटपाडी, विटा या भागांतील आपले अनेक माजी विद्यार्थी गलाई व्यवसायानिमित्त देशभर विखुरले आहेत. सोन्या-चांदीचा कस त्यांच्याइतका कोणास कळणार? त्यांना आमची एक विनंती आहे. मोडीत आलेले जुने नाणे मुशीत जाण्यापूर्वी त्याच्या दोन्ही बाजूंचे तिरप्या प्रकाशातील छायाचित्र, वजन व व्यास शाळेकडे पाठवावा. धातू वितळला तरी पुन्हा मिळतो, अक्षर मात्र एकदा गेले की गेले.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले. त्याच मुलाने पुढे १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहून जगातील अर्थपंडितांना विचार करावयास लावले. तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. त्या दिवशी आमची मुले ही सरकपट्टी मांडून बसतात. पहिल्या घरात त्या आजीच्या नाण्याचे छापील छायाचित्र असते. नाणे स्वतः पुन्हा कापडात गुंडाळून जतला, आपल्या जागी गेले आहे. उरलेली नऊ घरे रिकामी ठेवलेली असतात. येताना आपल्या घरातील नाणी घेऊन यावे.